ओल्या मिठाची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. मांडीवर ठेवायची.

नाही, हे नीट झालं नाही. पुन्हा सांगते.

मी एक जुनी पिशवी आहे आणि आत्ता जमिनीवर पडले आहे. शुभम नावाच्या नव्या मुलाने मला फेकलं. सकाळपासून दुसऱ्यांदा. नव्या शिवानी टीचर कमरेवर हात ठेवून उभ्या आहेत. "शुभम, उचल ती. आधी उचल." तो उचलत नाही. तो भिंतीला पाठ लावून उभा आहे आणि तळहात चड्डीला पुसतो आहे. पुसतोच आहे. कुणी त्याच्या तळहाताकडे बघेल का? मला ओरडावंसं वाटतं, पण पिशवीला ओरडता येत नाही. तिला फक्त पडून राहता येतं.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. पटकन सांगते.

आमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे एक साधी प्राथमिक शाळा आहे. तिथल्या बाई आत्मवृत्त लिहायला देतात तेव्हा आधी फळ्यावर मुद्दे लिहून ते मोठ्याने वाचतात. जन्म. काम. कौतुक. दुर्लक्ष. विनंती. खिडकीतून ऐकून ऐकून ते मला पाठ झाले आहेत. माझं आयुष्यही याच रांगेत घडलं असतं तर किती बरं झालं असतं. पण माझ्याकडे दुर्लक्ष आधी झालं, कौतुक शेवटी झालं, तेही थोडंसंच, आणि विनंती तर मला पहिल्याच ओळीत करायची होती. बाहेर ढग आलेत. माझं डावं टोक ओलं आहे.

असो. जन्म.

जन्म

माझं कापड मनुबाईंच्या लुगड्याचं. रंग हिरवा, काठ लाल. ते लुगडं नेसून मनुबाईंनी खाडीकाठच्या मिठागरावर कितीतरी उन्हाळे काढले. डोक्यावर मिठाची पाटी, पाय खाऱ्या पाण्यात. माझ्या काठाला अजून एक पांढरी रेघ आहे. ती कुठल्याच साबणाने गेली नाही.

मनुबाईंची नात प्राप्ती. आमची शाळा विशेष मुलांची, आणि प्राप्ती त्या शाळेतली. तिला ऐकू येतं, समजतंही, पण शब्द बाहेर येत नाहीत. शाळेत आली तेव्हा ती खुर्चीवर टेकायची की लगेच उठायची. टेकायची, उठायची. फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत चालत राहायची. मग दमून स्वतःचाच हात चावायची.

जागृती मॅडम आमच्या समुपदेशक. समुपदेशक म्हणजे काय, हे सगुणामावशींनी एकदा एका पालकांना समजावलं होतं. सगुणामावशी शाळेतल्या मदतनीस. त्या म्हणाल्या, "मारायचं न्हाय, वरडायचं न्हाय, नुसतं पोरांकडं बघत बसायचं. त्याचा पगार."

जागृती मॅडम मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या. "खरं आहे मावशी. पण बघताना चुकायलाही होतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

तर मॅडम मनुबाईंना म्हणाल्या, "आजी, हिच्या मांडीवर थोडं वजन ठेवून बघू या. काही मुलांना त्याने बरं वाटतं. अंगाला आधार मिळतो. एखादी घट्ट पिशवी शिवून आणाल का? आत काहीतरी जड भरा."

"काय भरू?"

"घरात जे असेल ते."

जागृती मॅडम माणगावकडच्या. त्यांच्या घरात भात पिकतो. त्यांच्या मनात तांदूळ असतील, नाहीतर वाळू. मनुबाईंच्या घरात जे होतं ते मीठ. त्या हंगामातलं पहिलं, जाड खड्यांचं, उन्हात चमकणारं. मनुबाईंनी ते मुठीमुठीने माझ्यात भरलं. शेजारची कोकिळा ओट्यावर बसून बघत होती.

"मावशे, पावसात पाझरंल ना गो मीठ."

"शालंला सलाब हाय," मनुबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "राशीवर काय असतं? नुसता पेंढा. पेंढ्याखाली चार महिनं टिकतं, तं सलाबाखाली न्हाय टिकनार?"

"ता बी खरा."

ही चूक मिठागरावरच्याच माणसाकडून व्हावी अशी होती. ज्यांनी जन्मभर पेंढ्याखाली मीठ राखलं, त्यांना सिमेंटचा स्लॅब पेंढ्याहून भारी वाटणारच. पण रास उंचवट्यावर असते. तिचं पाणी खालच्या मातीत निघून जातं आणि वरून तिला वारा लागत नाही. मी राहणार होते उघड्या खिडकीशी, खाडीच्या ओल्या वाऱ्यात, एका मुलीच्या मांडीवर.

आणि आत काय भरलंय, हे शाळेत कुणी विचारलं नाही. जड आहे ना? झालं तर.

काम

पहिल्या दिवशी जागृती मॅडमनी मला प्राप्तीच्या मांडीवर ठेवलं. मी हलले की आतून आवाज येतो. खस्स.

प्राप्ती थबकली. तिने मला कानाशी धरून हलवलं. खस्स. पुन्हा हलवलं.

मग बसली.

मित्रांनो, ती बसली तेव्हा अख्खा वर्ग वळून बघू लागला. सगुणामावशींच्या हातातला झाडू थांबला. प्राप्तीला तो आवाज ओळखीचा होता. आई कामावर आणि वडील ट्रकवर असत, म्हणून तान्हेपणी मनुबाई तिला मिठागरावर नेत. राशीशेजारच्या सावलीत, कापडाच्या झोळीत ती निजायची. कानाशी दिवसभर मीठ ओढल्याचा, मीठ ओतल्याचा आवाज. खस्स. खस्स.

तिला वाटलं असेल, आजी जवळच आहे.

त्या उन्हाळ्यात प्राप्ती मण्यांची माळ ओवायला शिकली. रंग ओळखायला शिकली. हात चावणं जवळजवळ थांबलं. मीच केलं हे सगळं, असं म्हणत नाही. मी फक्त जड होते.

मे महिन्याच्या सुट्टीत ती मला घरी घेऊन गेली, आणि घरून मिठागरावर. पावसाळ्याआधी तिथे रास शाकारतात. मिठाच्या ढिगावर पेंढ्याचा जाड थर, त्यावर निळी ताडपत्री, ताडपत्रीच्या कडांवर दगड. प्राप्ती बांधावर मला मांडीवर घेऊन बसली होती. सगळं झाल्यावर मनुबाईंनी राशीवर हाताने दोन थापा मारल्या, पोर निजवताना मारतात तशा.

"झोप आता," त्या राशीला म्हणाल्या. "दिवालीला उठवतंव."

प्राप्ती टक लावून बघत होती. मीही. त्यात काही विशेष आहे, असं तेव्हा दोघींनाही वाटलं नाही. निदान मला तरी नाही.

ओल

(हा मुद्दा फळ्यावर नव्हता.)

शाळा सुरू झाली आणि पाऊस लागला. मी पाझरू लागले.

आधी टोकं ओली झाली, मग शिवण, मग सगळंच अंग. आतले खडे एकमेकांना चिकटले. खस्स असा आवाज येईना. वजनही कमी होऊ लागलं, थेंबाथेंबाने. रोज मांडीवर ठेवलं की प्राप्तीच्या फ्रॉकवर ओला डाग पडायचा.

"लाळ असेल," वर्गातल्या टीचर म्हणाल्या.

"शू केली काय गो?" सगुणामावशींनी विचारलं आणि फ्रॉक बदलला.

नाही. नाही. ते मी आहे. माझं आहे ते. हे मला सांगता येईना. प्राप्तीलाही सांगता येईना. आम्ही दोघी मुक्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. एक पाझरतेय, दुसरी ते बघतेय. मित्रांनो, तेव्हाची बेचैनी मला आजही सोडत नाही. आतून काहीतरी निसटत असतं, आणि सगळे दुसरीकडेच बघत असतात.

एके दिवशी गणित चाललं होतं. प्राप्ती उठली, मला छातीशी धरलं आणि धावत सुटली. फाटकावर पहारेकरी दयारामकाकांनी तिला अडवलं.

काही दिवसांनी फाटक उघडं मिळालं. ती थेट खाडीच्या बांधावर पोहोचली. खाडीला भरती होती. काका आणि मुख्याध्यापक विपुल सर मागून धावले आणि तिला उचलून आणलं. तिने विपुल सरांच्या मनगटाला चावा घेतला. मी चिखलात पडले होते. मला सगुणामावशींनी आणलं.

संध्याकाळी विपुल सरांनी सगळ्यांना बोलावलं. मनगटाला पट्टी होती. आवाज चढलेला नव्हता. घाबरलेल्या माणसाचा होता.

"मॅडम, बांधावर शेवाळ आहे. पाय घसरला असता, तर मी तिच्या आजीला काय सांगणार होतो?"

"सर, पळायच्या आधी काय झालं होतं?" जागृती मॅडमनी विचारलं. त्यांचा हा नेहमीचा प्रश्न.

"काहीही नाही. बसली होती. उठली. पळाली."

"काहीतरी झालं असणार. उगीच कुणी पळत नाही."

"माझा नवरा पलतो मॅडम," सगुणामावशी चहाचे कप गोळा करत म्हणाल्या. "त्याच्या आधी काय होतं, मी सांगतंव. मी त्याला दलन आनायला सांगतंव."

सगळे हसले. विपुल सरही. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, "अजून एकदा झालं, तर मला तिला घरी बसवावं लागेल. दिवाळीपर्यंत. बाकीची मुलंही माझ्याच भरवशावर आहेत."

जागृती मॅडम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी टेबलावर होते, चिखलाने माखलेली. मला वाटलं, आता कळेल. आता त्या हात लावतील, पिळून बघतील.

त्या म्हणाल्या, "दर वेळी ही घेऊनच पळते. म्हणजे हिच्यामुळेच पळायची आठवण होत असेल. काही दिवस पिशवी दूर ठेवून बघू."

बघताना चुकायलाही होतं.

दुर्लक्ष

लोखंडी कपाट. खालचा कप्पा. अंधार.

प्राप्तीच्या चालण्याचा आवाज यायचा. फळा ते दार, दार ते फळा. मग तो आवाज थांबायचा आणि दुसरा सुरू व्हायचा, दाबून धरलेला, घशातला. ती हात चावत होती. टीचर म्हणायच्या, "नको बाळा, नको." मी कपाटात थेंबथेंब गळत होते. कप्प्याला गंज धरला. माझ्या पोटात खड्डा पडला.

मला नेमकी भीती कसली होती, सांगू? मी विरघळून जाईन याची नव्हती. ज्या दिवशी मी बाहेर येईन, त्या दिवशी ती नसेल, याची होती.

मग तो दिवस आला. विपुल सरांनी मनुबाईंना बोलावलं होतं. प्राप्तीने त्या सकाळी खिडकीतून बाहेर जायचा प्रयत्न केला होता. मनुबाई मिनीडोर रिक्षातून उतरल्या तेव्हा पाऊस पडत होता. त्या सरांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर टेकल्या, नात टेकायची तशाच.

जागृती मॅडमना चित्रांची कार्डं हवी होती. त्यांनी कपाट उघडलं. मी माझ्याच पाण्यात बसले होते.

"अरे देवा. ही तर भिजली पूर्ण. बुरशी येईल." त्यांनी मला दोन बोटांनी उचललं. "मावशी, एवढी धुवायला टाकाल का? साबणाच्या पाण्यात राहू दे थोडा वेळ."

मित्रांनो, मला बादलीत टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. लुगड्याचा एक तुकडा उरला असता.

नळ सरांच्या खोलीला लागूनच. सगुणामावशींनी बादली लावली. मी त्यांच्या हातात. खोलीतलं बोलणं ऐकू येत होतं.

"आजी, तिला घरी न्या असं मला आनंदाने सांगवत नाही. पण ही खाडी बघता ना तुम्ही?"

"सर, घरी कोन हाय? पोरगा गाडीवर. सून गनपतीच्या कारखान्यात, मूर्ती रंगवायला. मी मिलंल ता काम करतंव."

"शाळेत येण्याआधी कसं करायचात?"

नळाचं पाणी वाजत होतं.

"कडी लावायची," त्या म्हणाल्या. "भायेरनं. खिडकीत भाकर ठेवायची नि कडी लावायची. सांजंला आली का हात बघायची तिचं. चावून चावून पार..." त्या थांबल्या. "ती कडी मी काडून टाकलीय, सर. दाराला भोकंच राहिलीत नुसती. पुन्हा नका लावाया लावू."



बादली भरली. सगुणामावशींनी नळ बंद केला आणि मला पाण्यावर धरलं.

आणि दोन हात मध्ये आले. चावल्याच्या खुणा असलेले हात. प्राप्तीने मला हिसकावलं, पोटाशी धरलं, आणि ती धावली.

"अगो! पोरी पलाली!"

सर बाहेर आले. मनुबाई बाहेर आल्या. दयारामकाका फाटकाची कडी धरून उभे.

"काका, गेट!" सर ओरडले.

"सर, अडवू नका!" जागृती मॅडम. पायात चप्पल नव्हती. "दोनदा अडवलं आपण. ती कुठे जाते, ते एकदाही बघितलं नाही."

"मॅडम, बाहेर भरती आहे!"

"मी तिच्या आणि पाण्याच्या मध्ये चालते. तुम्ही मागून या. काही झालं तर माझ्यावर. एकदा, सर. फक्त एकदा."

प्राप्ती फाटकाशी थांबली होती. धापा टाकत. तिने काकांच्या हाताकडे बघितलं. काकांनी सरांकडे बघितलं. सरांनी मनुबाईंकडे बघितलं, आणि मनुबाईंचं लक्ष कडीकडे होतं. फाटकाच्या कडीकडे.

"उघडा," सर म्हणाले.

पाऊस. बांध. शेवाळ. प्राप्ती धावत नव्हती आता, भरभर चालत होती. मला फ्रॉकच्या पुढच्या भागाने झाकून, वाकून. खाडीच्या बाजूने जागृती मॅडम, एक हात पसरून, पण न लावता. मागे सर. त्यांची एक सँडल चिखलात राहिली. सगळ्यात मागे मनुबाई, तोंडाने सारखं, "हलू गो बाय, हलू."

मागच्या वेळी जिथे तिला उचललं होतं, ती जागा आली. तिथून थोडं पुढे वळण होतं. आतापर्यंत कुणी तिला तिथवर जाऊच दिलं नव्हतं. प्राप्तीने खाडीकडे पाठ केली आणि ती वळली.

समोर मनुबाईंचं मिठागर. सगळीकडे पाणी. मधल्या उंचवट्यावर निळी ताडपत्री.

तिने एक दगड बाजूला केला. ताडपत्री उचलली. पेंढ्यात हात घातला, कोपरापर्यंत, आणि मला आत सरकवलं. मित्रांनो, आत ऊब होती. आत कोरडं होतं. तिने वरून पेंढा सारखा केला. ताडपत्री ओढली. दगड ठेवला.

मग दोन थापा मारल्या.

थप. थप.

आणि ती बसली, पेंढ्याच्या फटीतून मला दिसलं. खाली चिखलात, मांडी घालून, स्वस्थ. हात मांडीवर. चावले नाहीत.

मनुबाईंचा आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा, मला पेंढ्यातून कळेना.

"मीठ झाकते गो माझी बाय. पावसात मीठ उघडं ठेवलंव आपन, म्हनून झाकाया आनते."

"मीठ?" जागृती मॅडम म्हणाल्या. "आजी, त्या पिशवीत मीठ आहे?"

"मंग? तुमी म्हनलात, घरात असंल ता भरा."

"मला वाटलं वाळू." मॅडमनी कपाळावर हात मारला. "लाळ नव्हती ती. शू नव्हती. आणि मी पिशवी कपाटात घातली."

"मीच भरलं ना पन," मनुबाई म्हणाल्या. "कोकिला सांगत होती. मना वाटलं, सलाब हाय."

विपुल सर एका पायात सँडल घालून बांधावर बसले. पट्टी भिजून सुटली होती. "उद्या पुन्हा पळाली तर?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"पळणार," जागृती मॅडम म्हणाल्या. "मीठ भिजलं की पळणारच. म्हणून रासच शाळेत आणू या."

सरांनी सुटलेली पट्टी मनगटाला पुन्हा गुंडाळली. मग उठले. "आजी, उद्या वेळेवर आणा तिला," ते म्हणाले. "आणि दाराची ती भोकं बुजवून टाका."

कौतुक

थोडंच आहे, सांगितलं होतं.

जिन्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात एक फळी टाकली, विटांवर. त्यावर पेंढा. तो जागृती मॅडमनी माणगावहून आणला, त्यांच्या घरच्या भाताचा. एसटीच्या टपावर बांधून आणला आणि सगळ्या शाळेला खोकला आला. पेंढ्यावर ताडपत्रीचा निळा तुकडा. मनुबाईंनी माझी एक जुळी बहीण शिवली. एक मांडीवर, एक पेंढ्यात. पावसाळ्यात मनुबाई कोरडं मीठ घेऊन येतात आणि माझी शिवण उसवून, भरून, पुन्हा शिवतात.

सगळं लगेच सुरळीत झालं, असं समजू नका. प्राप्ती त्यानंतरही पळाली. पण पळण्याआधी तिने बाकावर दोन थापा मारल्या होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. पुढच्या वेळी मारल्या तेव्हा सगुणामावशींचं होतं. "टीचर, वली झाली म्हनते पिशवी. बघा." तो प्राप्तीचा पहिला शब्द ठरला. दोन थापा. म्हणजे: हे ओलं झालंय, झाकायला हवं. नंतर तिने तोच शब्द सांडलेल्या पाण्यासाठी वापरला, रडणाऱ्या मुलीसाठी वापरला, आणि एकदा ताप आलेल्या विपुल सरांसाठी. सरांनी मुकाट्याने रजा घेतली.

प्राप्ती आता मोठी झाली आहे. पलीकडच्या खोलीत शिवणकाम शिकते. मी राहिले लहान मुलांच्या वर्गात. माझा हिरवा रंग गेला. ठिगळं आली. आणि नव्या माणसांना जुन्या गोष्टी कोण सांगणार? शिवानी टीचर या वर्षी आल्या. चांगल्या आहेत. पण आत काय आहे, हे त्यांनी विचारलेलं नाही.

विनंती

म्हणजे आपण पुन्हा जमिनीवर आलो, मित्रांनो. मी पडलेली, शुभम भिंतीशी.

"उचलत नाहीस ना? मग कोपऱ्यात उभा राहा," शिवानी टीचर म्हणतात. "मावशी, याच्या आईला फोन करायला हवा. हा वस्तू फेकतो."

तो वस्तू फेकत नाही. तो मला फेकतो. बघा ना, त्याच्या हातात मघाशी चेंडू होता, तो त्याने नीट ठेवला. बघा ना, तो हात पुसतोय.

ही माझी विनंती. फार मोठी नाही. कुणी पळालं तर ते काय घेऊन पळतंय, ते बघा. कुणी फेकलं तर फेकलेली वस्तू एकदा हातात घेऊन बघा. अडवायचं असेल तर अडवा, खाडी खरीच आहे, मी तिला विसरलेली नाही. पण वळणापर्यंत तरी सोबत चाला. आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने बोलण्याआधी...

थांबा. दारात कुणीतरी आहे.

प्राप्ती आहे. हातात कात्री नाही, दोरा नाही, शिवणकाम अर्धवट टाकून आलेली. ढग बघून आली असेल. दर पावसाळ्यात येते. ती वाकते आणि मला उचलते. डाव्या टोकाला बोट लावते. मग तिची नजर शुभमच्या तळहाताकडे जाते.

ती सरळ शिवानी टीचरसमोर जाऊन उभी राहते. टीचर म्हणतात, "काय ग?" प्राप्ती मला त्यांच्या हातात देते. त्यांची बोटं ओली होतात. आणि मग, शुभमकडे बघत, ती टेबलावर हात मारते.

थप. थप.

"काय म्हणतेय ही, मावशी?"

"म्हनते, पोराचा काय दोस न्हाय," दारातून सगुणामावशी म्हणतात. "पिशवी वली हाय. मीठ हाय त्यात. पाझरते."

शिवानी टीचर आपल्या बोटांकडे बघतात. मग शुभमच्या हाताकडे. मग त्या खाली बसतात, त्याच्या उंचीएवढ्या होऊन. "ओलं आवडत नाही तुला? हो? मग दाखव बघू हात." आणि आपल्या ओढणीने तो पुसतात.

शुभम भिंत सोडतो.

प्राप्ती मला जिन्याखाली नेते. ताडपत्री उचलते. पेंढा अजून माणगावचाच आहे, त्याला अजून शेताचा वास येतो. बाहेर पावसाला सुरुवात झाली आहे. माझ्या आत खडे सुटे होऊ लागलेत, मला जाणवतंय. ती पेंढा सारखा करते. ताडपत्री ओढते. आता दोन थापा पडतील, मित्रांनो, आणि मग मला गप्प बसता येईल.

थप.